गाईची भाकर

—नाय, सायलीताई, स्टेजवर मी बोलणार नाय. तुमच्या कच्च्या आहाराच्या वर्गानं ह्यांचा सत्कार ठेवला, चांगलं झालं, शाल द्या, नारळ द्या, फोटो काढा — पण बायको म्हणून मी दोन शब्द बोलायचे, ते कशाला? काय बोलू? माझ्या हातचं सोडलं अन् नवरा सुधरला, असं? बसा हो, येतीलच ते. गाईला भाकर घालायला गेलेत कोपऱ्यापर्यंत. चहा तुम्ही घेत नसाल — व्हय, माहीत हाय मला, ह्या घरात चार महिने झाले मी एकटीच घेते.

परवा तुमच्या बैठकीत पन्नास माणसांपुढं हे काय म्हणले? तुम्हीच टाळ्या वाजवल्या की. म्हणले, पस्तीस वर्षं मेलेलं अन्न खाल्लं. मेलेलं. अन् ते रांधलं कोणी? गंगापूरहून लग्न करून आले तवापासून, ह्यांची एसटीच्या वर्कशॉपातली कोणतीबी पाळी असू द्या, डब्यात कधी शिळी भाकर दिली नाय मी. आता शहागंजातून पालक आणते, काकडी आणते, मूग भिजवते, मोड काढते, अन् ताटात वाढते — वाढते कशाचं, ठेवते. त्यात माझ्या हाताचं काय राहिलं? गुडघा दुखायचा थांबला म्हणतात, वजन उतरलं, मी कुठं नाय म्हणते? पण माझ्यामुळं आजारी पडले, हे चार लोकांत सांगायचं व्हय?

आता गॅस पेटतो तो माझ्यापुरता, अन् गाईच्या पहिल्या भाकरीपुरता. सासूबाईंपासूनची रीत हाय ती, मोडू दिली नाय मी. आधी मीच नेऊन घालायचे. कच्चं सुरू करून पंधरा दिवस झाले अन् हे म्हणले, आण इकडं, मी घालतो, तेवढंच चालणं होतं. सोबत मुगाचा डबाबी नेतात — मोकळ्या हवेत खातो म्हणे. एक दिवस फोन विसरले, म्हणून मी मागं गेले. बघते तर गाय मूग खात होती, ताई. निवांत. अन् हे भिंतीकडं तोंड करून भाकर खात होते. कोरडी.

हसू नका. मला लई राग आला. जाऊन हात धरावा वाटलं — नाय धरला, फोन तसाच घेऊन घरी आले. अन् दुसऱ्या दिवसापासून, हे लिहू नका कुठं, त्या बाजरीच्या भाकरीला तीळ लावते मी. लोणीबी लावते जरा. गाईच्या भाकरीला कोणी तीळ लावतं का? पण ह्यांनी एका शब्दानं विचारलं नाय, का लावते म्हणून. मूगच खाऊ द्या जन्मभर, माझं काय म्हणणं नाय. एकदा फक्त ताटावर बसून म्हणावं, वाढ. तेवढं म्हणायला काय जातं हो ह्यांचं?

आले बघा — घातली का हो? सगळी खाल्ली तिनं? बरं. नाय, काय नाय, ताईंना सांगत होते, येते मी कार्यक्रमाला, पुढच्या रांगेत बसते, बोलणार काहीच नाय. काढा ताई तुमचा फोटो. थांबा — अहो, आधी मिशी पुसा. तीळ लागलाय.