तारेतलं कीर्तन

शेवंताबाई : अरे हितू, करंटाच्या बटनात इंटरनेट कसं घालशील? जळून नाही का जायचं?

हितेंद्र : नाही जळत, आई. एक डबी पुढच्या खोलीत राउटरपाशी खोचली, दुसरी ही तुझ्या उशाशी. तिथं इंटरनेट विजेच्या तारेवर चढतं, इथं उतरतं. भिंतीतली तार तर घर बांधलं तेव्हापासूनचीच.

शेवंताबाई : म्हणजे पाचोऱ्याला गाडीत बसलं अन् जळगावला उतरलं.

हितेंद्र : बरोब्बर!

शेवंताबाई : मग हा पंखाही त्याच तारेवर. त्याच्या कानावर पडेल का कीर्तन?

हितेंद्र : पडू दे. इतकी वर्षं नुसता कुरकुरतोय, तेवढंच पुण्य लागेल त्याला.

शेवंताबाई : थट्टा पुरे, हात चालव. रूपाली उभी राहिली असेल. सुनेचं पहिलं कीर्तन, अन् सासू दोंडाईच्याला जायची सोडून खुब्यात सळई घालून पडलीय! मोबाइल तर या खोलीत आला की मुकाच होतो.

हितेंद्र : म्हणून तर हे आणलं. डॉक्टर तुला उठू देत नाहीत, अन् खाट दारातून निघत नाही... थांब. दिवा हिरवा झाला! आई, लागलं! मंडळानं कीर्तन थेट दाखवायला सुरुवात केलीय, मोबाइलवर बघ!

शेवंताबाई : अगं माय! बठ्ठा मांडव भरेल शे रे! मुंगी शिरायला जागा नाही! ती बघ, ती बघ... विणेकऱ्याच्या पाया पडली. गुणाची माझी! हितू, माझी चाल धरणार आहे ती. या खाटेपाशी बसून घोकलीय. एका जागी वर जाताना तिचा श्वास तुटतो. तेवढी जागा निभावली की पुढं काळजी नाही.

हितेंद्र : सुरू झाली... अरे! हे काय? चित्र थिजलं.

शेवंताबाई : देवा! आत्ताच?

हितेंद्र : दिवा लाल झाला. डबी तर थेट भिंतीतल्या बोर्डात आहे... आई, गोठ्यात घरघर कसली?

शेवंताबाई : कसली म्हणजे? तुझ्या बापाची कडबाकुट्टी!

हितेंद्र : तीच नडतेय! तिची मोटर याच तारेवर आहे. ती फिरली की तारेत कल्ला होतो, त्यातून इंटरनेटला वाट सापडत नाही.

शेवंताबाई : जन्मभर माझ्या गाण्याला आडवी आली ती! मार खिडकीतून हाक.

हितेंद्र : बाबा! ओ बाबा! कडबाकुट्टी बंद करा!

जीवराम : कसाले? म्हैस उपाशी शे.

शेवंताबाई : देवाधर्माच्या वेळी खोटं बोलू नका! आत्ताच घमेलंभर ढेप खाऊन रवंथ करत बसलीय ती.

जीवराम : मी आधीच सांगेल व्हतं. सून लोकेस्ना समोर उभी ऱ्हाईसन गानं म्हनी, हाई माले पटत नही. तुम्ही पहा तुमनं कीर्तन, माले मन्ही म्हैस पाहू द्या.

शेवंताबाई : नका पटवून घेऊ. मी गायचे तेव्हा तरी कुठं पटलं होतं? मी गप्प बसले, पण चाली नाही टाकल्या. आज त्या तिच्या तोंडून चार माणसांत निघताहेत, अन् मीच ऐकू नको? अहो, सगळं कीर्तन नका ऐकू देऊ. ती एक जागा तेवढी ऐकू द्या.

हितेंद्र : बाबा, हात जोडतो.

(घरघर थांबते.)

हितेंद्र : हिरवा! आई, हिरवा!

शेवंताबाई : श्श! ध्रुपदावर परत आलीय. आता वर जाईल. घाई नको गं पोरी, आधी श्वास घे... घे... गेली! हितू, सरळ वर गेली रे! टाळकरी बघ कसे उसळले!

हितेंद्र : आई, तू हसतेस का रडतेस?

शेवंताबाई : माझ्याकडं काय बघतोस? तिच्याकडं बघ!

हितेंद्र : तू दाराकडं बघ आधी. बाबा, उंबऱ्यात का थांबलात? या ना.

जीवराम : मी बसाले नही येल. मोटर कितला येळ बंद ठेवनी, तेवढं इचाराले येल शे.

हितेंद्र : कीर्तन संपेपर्यंत.

जीवराम : हं... हाई चाल तुन्ही शे ना, शेवंता?

शेवंताबाई : ओळखली?

जीवराम : हितू, मन्ही टोपी दे रे. कीर्तनमा उघडा डोकानं बसू नही.