आमच्याकडे एक नसतो

— थांब. तिथंच चूक आहे. 'या घरातल्या एकताई आज चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत' — कोण एकताई? या घरात एकताई कधी जन्मलीच नाही. दोनताई. थोरली ती दोन, तिच्या पाठचा तीन, मग चार, मग पाच. तीन लहानपणीच तापानं गेला, चार युद्धात गेला, आणि पाच म्हणजे हा तुझ्यासमोर बसलेला, साऱ्या वाडीचा पाचकाका. तुझ्या पुस्तिकेत नीट छापलेलं आहे. आणि तू चौदा परदेशी पाहुण्यांपुढं उभी राहून प्रत्येकाचा एकेक आकडा उतरवलास — देव्हाऱ्यातल्या चाराला तीन केलंस, मला चार केलंस. त्यांचं काय, त्यांनी माना डोलावल्या. ते कशालाही माना डोलावतात; परवा एकानं माझ्या कोंबड्याकडं पाहून डोलावली. बस त्या बाकावर. सकाळी भुयारं, दुपारी नदी — युद्ध रिकाम्या पोटी आणि निसर्ग भरल्या पोटी, असा सायगॉनच्या सहलवाल्या ऑफिसनं ठरवलेला क्रम आहे, म्हणजे तुझी मंडळी तासाभराशिवाय बोटीतून परतत नाहीत. तेवढ्यात तुला निदान आकडे शिकवतो. उद्यापासून हे बोलणं तूच करायचंस, मला निवृत्त केलंय. निवृत्त! ज्या कामावर मी कधी रुजू झालो नव्हतो, त्यातून.

नाव काय म्हणालीस? झिएप. आम्ही यिएप म्हणू. तुमच्या उत्तरेत अक्षरं दातांतून काढतात, आणि मोजणी एकापासून करतात. थोरलं मूल ते एक. सरळ, शिस्तीचं, सरकारी. आमच्या दक्षिणेत थोरलं मूल दोन. का? — विचारलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस, कारण रोज एखादा पाहुणा विचारणारच. यावर तीन मतं आहेत. पहिलं असं की 'एक' हा मान गावच्या पाटलाचा, तो घरात कुणी घ्यायचा नाही. दुसरं, की इथं वसाहतीला आले ते सारे धाकटे. थोरले उत्तरेत वाडवडिलांची थडगी राखत राहिले, म्हणून तो आकडा त्यांच्यासाठी मोकळा ठेवला. तिसरं मत बायकांचं, आणि बायकांचं मत पुस्तकांत तळटिपेत जातं — थोरल्या मुलावर मृत्यूचा डोळा असतो. तो दाराशी येतो, 'एक कुठाय?' विचारतो, आई म्हणते, 'आमच्याकडे एक नसतो,' आणि तो रिकाम्या हातानं परततो. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, नावाड्यांची गाणी आणि म्हाताऱ्यांच्या समजुती वहीत उतरवल्या, आणि माझं स्वतःचं मत असं की आकडा हे नाव नव्हे, पांघरूण आहे. खरं नाव कागदावर राहतं, ते मोठ्यानं उच्चारत नाहीत. जिवंतपणी हाक आकड्याची, मेल्यावर देव्हाऱ्यापुढंही हाक आकड्याचीच. ज्याला हाक मारली तो येऊन जेवतो. ज्याला मारली नाही तो दाराबाहेर उभा राहतो. हे लिहून घेऊ नकोस. तुझ्या पाहुण्यांना हे झेपायचं नाही, त्यांना उकडलेला कसाव्याचा कंद झेपत नाही. 'लढवय्ये हेच खाऊन जगले' म्हणून शेंगदाण्या-तिळाच्या मिठाशी एकेक फोड चघळतात, चेहरे गंभीर करतात, आणि उरलेला खिशातल्या कागदी रुमालात गुंडाळतात. मागं माझी डुकरं खातात. डुकरांचा चेहरा कधी गंभीर होत नाही.

आणि ते भुयार! पोट आत ओढून एकेक जण पंधरा पावलं जातो, पलीकडं बाहेर येतो, आणि बायकोला सांगतो, 'आता मला कळलं.' काय कळलं तुला, बाबा? पंधरा पावलांत? त्यांच्यासाठी ते रुंद केलंय, हे त्यांना कोणी सांगत नाही. मी? मी आत जात नाही. गुडघे. वरूनच दाखवतो — इथं झाकण, इथं वाफ सोडायची नळी, आणि तिकडं नदीकाठी शेवटचं तोंड. ते तोंड भरतीत पाण्याखाली असतं. ओहोटीला मात्र उघडं पडतं, निपा पाम जिथं वाकलाय त्याच्या डाव्या अंगाला, चिखलात एक काळी वाटी उपडी ठेवल्यासारखं, आणि सूर्य माथ्यावर असला की तिच्या कडेला ओल चमकते, म्हणून मधल्या प्रवाहातून चटकन —

काय?

मधल्या प्रवाहातून. हो, म्हणालो तसं. मग? नदीकाठी जन्मलेला माणूस नदीत गेला नसेल? मासे धरायला जात असू. माशांच्या होडीत बसल्यावर डोळे पाण्यालगत असतात, तिथून पाम दिसतो, तोंड दिसत नाही — बरोबर आहे तुझं. उंचावरूनच दिसतं. उंच बोटीवरून. तू फार ऐकतेस. पुस्तिका वाचणाऱ्या मुलीनं इतकं ऐकू नये. आणि देव्हाऱ्यातल्या फोटोकडं काय पाहतेस? तो चार आहे. शाळेतला फोटो, कान बाहेर आलेले. आमच्या घरात सगळ्यांचे कान तसेच. दीड वर्षाचं अंतर आम्हा दोघांत. आईसुद्धा पाठमोऱ्याला चुकीची हाक मारायची.

पुढचा परिच्छेद वाच. पाणमांजराचा. वाचतेस की मी म्हणू? 'या वाडीतील लोक नदीकाठच्या बिळाशी पाणमांजरासाठी भाताची वाटी ठेवतात, ही प्राचीन प्राणिपूजेची खूण होय.' छान. भारदस्त. आता तुझे पाहुणे रोज ऑफिसनं दिलेल्या वाट्या ठेवतात आणि फोटो काढतात. हे वाक्य कुणाचं, ठाऊक आहे? माझं. माझ्या छोट्या पुस्तकातलं, पान एक्केचाळीस, वर दोन संदर्भ आणि एक तुलना. जिल्ह्याच्या समारंभात मला त्याबद्दल फुलं मिळाली. आणि मी तिथं उभा राहून फुलं घेतली, यिएप, कारण प्राचीन वगैरे काही नाही; ती वाटी एका बाईनं सुरू केली. माझ्या आईनं. एकाहत्तर नाही, सत्तर नाही — पंच्याहत्तर साली, चांद्र तिसऱ्या महिन्यात. शेजारणी विचारायच्या, 'कुणासाठी गं?' ती म्हणायची, 'पाणमांजर खातं.' शेजारणींनी पुढं विचारलं नाही. या वाडीला सगळं ठाऊक असतं. वाडी आकडा तेवढा विचारत नाही. मग त्याही ठेवू लागल्या, तिला एकटं वाटू नये म्हणून. यालाच विद्वान लोक प्रथा म्हणतात. मी विद्वान आहे.

सायगॉनच्या सरकारची गस्तीची बोट रोज दुपारी इथून जायची. बोटीवर सहा जण. त्यांतला एक याच वाडीचा, जबरदस्तीनं भरती झालेला, बंदुकीपाशी बसलेला. ओहोटी होती, सूर्य माथ्यावर. बोटीवरचा अंमलदार शहरातला, गोरापान, भात सांडला तरी रुमालानं बोटं पुसणारा — त्यानं ती काळी वाटी पाहिली आणि विचारलं, 'ए वाडीवाल्या, ते बीळ कसलं रे?' आता त्या वाडीवाल्याला ठाऊक होतं ना, आत कोण बसतं. लहानपणी दोघांनी मिळून तिथं चिंबोऱ्या धरलेल्या. तर त्यानं डोकं चालवलं. म्हणाला, 'पाणमांजराचं, साहेब.' किती हुशार उत्तर! खोटं, सहज, निरुपद्रवी. आणि अंमलदार हसला, म्हणाला, 'मग आज रस्सा करू,' आणि कमरेचा हातबॉम्ब काढून त्यानं फेकला, जसा पोरं चिंचेवर दगड फेकतात तसा. वैर म्हणून नाही. रश्शासाठी. पाणी गढूळ झालं. थोड्या वेळानं चौकड्यांचा गमछा वर आला, कोपऱ्याला माशाच्या दोऱ्याचा टाका — आई आमच्या दोघांच्याही गमछ्यांना तसाच घालायची. अंमलदार म्हणाला, 'पाणमांजर गमछा बांधतं वाटतं तुमच्याकडं.' सगळे हसले. सगळे. बंदुकीपाशी बसलेलासुद्धा. तुला काय वाटतं, बोटीवर सहांतले पाच हसले तर सहाव्याला पर्याय असतो?

मी 'मी' म्हणालो नाही. तू ऐकलंस का 'मी'? नाही ना. मग.

आत तिघे होते. साक्षीला कोणी उरलं नाही. महिनाभरानं ते सरकारच उरलं नाही. बोट सोडून ज्याला पोहता येत होतं तो पोहून घरी आला, आणि त्याच आठवड्यात नव्या सरकारचे लोक दाराशी वही घेऊन आले — या घरात किती मुलगे, कोण कुठल्या बाजूला? आईनं दारात उभं राहून सांगितलं, 'चार बोटीवर होता. तो मेला. हा पाच.' बास. एवढीशी तीन वाक्यं. मृत्यूला फसवायला ज्या बाईनं पोरांना आकड्यांत लपवलं, तिनं आता सरकारलाही त्याच पांघरुणात लपवलं. जिवंताला हरलेल्यांच्या छावणीतून वाचवलं, मास्तर केलं, लढवय्या केलं, तुमच्या पुस्तिकेत घातलं. आणि फोटो? पाचाचा एकही फोटो नव्हता, लढाईतली माणसं फोटो काढत नाहीत. असता तरी लावता आला नसता. म्हणून हा लावला. एक्केचाळीस वर्षं दर तिथीला देव्हाऱ्यापुढं भात, उकडलेलं बदक, मासळीची आमटी, तांदळाची दारू — आणि हाक 'चार, ये, जेव.' कोण येणार? ज्याला हाक, तो पाटाजवळ उभा राहून उदबत्ती लावतोय, आणि नंतर जेवतोयसुद्धा. त्याचं पोट भरलेलंच आहे. आणि ज्याचं पोट रिकामं, तो बाहेर. आई होती तोवर त्याला पाणमांजर म्हणून तरी वाटी मिळायची. आता तुझे पाहुणे ठेवतात. वाटी ठेवतात, हाक मारत नाहीत, दुसऱ्या बाजूनं फोटो नीट येतो का बघतात.

उद्या तिथी. ऑफिसनं ती सहलीत घातलीय — 'कुटुंबासमवेत पारंपरिक स्मृतिभोजन', भुयारं आणि नदी यांच्या मधोमध. ऑफिसला सांगून पाहिलं. म्हणाले, काका, लोकांना आवडेल. दोनताई येईल, पुतणे येतील, वॉर्डाचे अधिकारी येतील, सगळ्यांच्या देखत हाक मारायची. यंदा मला ती मारायची नाही. मी 'चार' म्हटलं की मीच येतो. मी 'पाच' म्हटलं की — सगळे मान वळवून माझ्याकडंच बघतील. एका आकड्याचे दोन मालक, आणि दोघांतला एक चोर.

ऑफिसच्या कागदावर तुझ्यासाठी काय लिहिलंय? वाच. 'निवेदिका उदबत्ती लावून म्हणेल: चार, या, जेवा.' ठीक. हे तू म्हणायचं. बदल काही करायचा नाही, एक अक्षरही नाही. दोनताईच्या कानाला खटकणार नाही, अधिकाऱ्यांनाही नाही. फक्त — आज तासभर मी तुझी जी चूक दुरुस्त करत बसलोय ना, ती करू नकोस. तुझ्या आईनं तुला जसं मोजायला शिकवलं तसंच मोज. एकापासून. बोटांवर मोज आत्ता, माझ्यासमोर. या घरातलं थोरलं — एक. तिच्या पाठचा, तापानं गेलेला — दोन. फोटोतला — तीन. आता चौथ्या बोटावर कोण आलं?

हं.

त्याला हाक मार. तू उत्तरेची आहेस, तुझ्या तोंडचा 'चार' त्याच्यापर्यंत पोचेल. मेलेले पुस्तिका वाचत नाहीत. बोलणाऱ्याच्या मनात कोण आहे तेवढं त्यांना कळतं — हे माझं मत, संदर्भ नाही.

डोळे पूस. कुणी रडायला सांगितलं नाही; पाहुण्यांना वाटेल हेही सहलीतच आहे, आणि एखादा टाळ्या वाजवेल. भोंगा वाजला बघ. नदी पाहून झाली त्यांची, आता म्हणतील, 'किती शांत.' जा. कसावा तयार आहे. आणि ते वाक्य — 'पाचकाका स्वतः या भुयारात लढले' — ते आता नकोच म्हणूस. वेळ उरला तर पाणमांजराविषयी बोल.

जा म्हटलं ना.