वंशावळीतले गोल

समारंभाचे अध्यक्ष माननीय डॉक्टर अभयसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या दीपमालाताई, रुग्णालयातील सर्व कर्मचारी, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी मच्छिंद्र, धायरीचा. गाव महापालिकेत जाण्याआधी दहा वर्षं सरपंच होतो. माईक दिसला की बाबा सोडत नाहीत, अशी माझ्या मुलीची तक्रार आहे. "पाच मिनिटं हं!" असं तिनं येताना दोनदा बजावलंय. बघू या.

ताईंचं काम काय? घराण्यात कर्करोग असेल, तर पुढच्या पिढीला धोका किती आणि तो कमी कसा करायचा, हे माणसांना समोर बसवून समजावणं. ऐकायला सोपं वाटतं. पण समोर माझ्यासारखा माणूस बसला तर?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी थोरली बहीण तुळजाबाई स्तनाच्या कर्करोगानं एक्केचाळिसाव्या वर्षी गेली होती. धाकटी मुक्ताई, तिलाही तोच आजार झाला, पण ती त्यातून वाचली. माझी मुलगी संस्कृती तेव्हा सव्वीस वर्षांची. ती म्हणाली, मला तपासून घ्यायचंय. मी म्हटलं, आत्यांचा आजार त्यांच्या सासरचा, आपल्या घराशी त्याचा काय संबंध? आणि असलाच काही दोष, तर तुझ्या आईच्या माहेराकडून येईल. हे मी माझ्या बायकोच्या, द्वारकाच्या तोंडावर बोललो. ती समोरच बसली आहे, तिला अजून आठवतंय.

शेवटी आलो इथं सदाशिव पेठेत. घराण्याची माहिती आणा, असं फोनवर सांगितलं होतं. मी रुबाबात वंशावळ काढून टेबलावर ठेवली. जमिनीच्या वारसनोंदीसाठी केलेली, पाच पिढ्यांची. ताईंनी चष्मा वर केला.

"अहो सरपंच, पाच पिढ्यांत तुमच्याकडे एकही बाई जन्मली नाही? मग कर्करोग झाला कुणाला?"

मी सांगितलं, बहिणींनी हक्कसोडपत्र करून दिलंय, म्हणून त्यांची नावं घातली नाहीत.

"सातबाऱ्यावरून नाव गेलं. रक्तातून कसं घालवणार?"

मंडळी, पुणेरी टोमणे मी पुष्कळ खाल्लेत. हा मात्र जिव्हारी लागला. मग ताईंनी पेन्सिल घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी पडलेली व्यक्ती रंगवायची, गेलेल्यावर तिरकी रेघ. माझ्या दोन्ही बाजूंना दोन काळे गोल आले, एकावर रेघ. तेव्हा मला कळलं की जनुकातला हा दोष बापाकडूनही मुलीला जातो. मी धडधाकट, आणि माझ्यातूनच तो संस्कृतीकडे गेलेला असू शकतो.

ताई म्हणाल्या, तपासणी आधी आजार झालेल्या माणसाची करायची, म्हणजे नेमकं काय शोधायचं ते कळतं. म्हणजे मुक्ताईचं रक्त हवं. आणि मुक्ताई हक्कसोडपत्रावरच्या त्या सहीपासून नऊ वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. सही मी कशी घेतली, ते या व्यासपीठावर सांगण्यासारखं नाही.

गेलो खडकवासल्याला तिच्या घरी. तिनं ओट्यावरच थांबवलं. "आता कशावर सही पाह्यजे?" म्हणाली. मी म्हटलं, सही नको, रक्त पाहिजे. "जमीन नेली, आता रगतबी न्यायचं व्हय?" मला तोंड वर करवेना. मग तिनंच विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, संस्कृतीसाठी, उद्या सकाळी सदाशिव पेठेतल्या रुग्णालयात. ती आत निघून गेली. मी परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही इथं पोहोचलो, तर मुक्ताई आमच्या आधी बाकावर येऊन बसलेली! बाही वर करून.

तिच्यात दोष सापडला. मग माझ्यात. मग संस्कृतीत. त्या दिवशी मी रडलो, आणि पोरीनंच मला पाणी आणून दिलं. ताईंनी तिला सांगितलं, हा आजार नाही, धोका आहे, आणि आता तो आपल्याला माहीत आहे. ती दर वर्षी न चुकता एमआरआय करून घेते. पुढे ऑपरेशन करायचं की नाही, कधी करायचं, ते तीच ठरवणार. लग्नाची बोलणी झाली तेव्हा पहिल्या भेटीत तिनं मुलाकडच्यांना सगळं सांगितलं. आम्ही आयुष्यभर झाकत आलो, ती उघड बोलली. मला तिचा अभिमान वाटतो, हे इथं सांगायला मला अजिबात संकोच नाही.

आणि मुक्ताईची लेक, प्रियदर्शनी. आईचा रिपोर्ट पाहून तिनंही तपासणी केली. हाताला लागली नसती एवढी बारीक गाठ निघाली. वेळेवर उपचार झाले. आज ती शेवटच्या रांगेत आईशेजारी बसली आहे. मी भाचीचं भलं करायला गेलो नव्हतो, स्वतःच्या मुलीपुरतं मागायला गेलो होतो.

ताई, वंशावळ मी नव्यानं करून घेतली आहे. तुळजाबाई आहे, मुक्ताई आहे, आमच्या आत्या आहेत, जिचं नावही आम्हाला आठवत नव्हतं ती पणजीसुद्धा शोधून घातली. या वंशावळीची एक प्रत आज तुम्हाला भेट देतो. तुम्ही निवृत्त होताय, पण आमच्या घरातल्या मुली तुमचं नाव सांगतील.

पाच मिनिटं केव्हाच उलटली. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, तर सभागृहानं ते पोटात घालावं. वागण्यात जे झालं, त्याची माफी मात्र सभागृहाकडं मागून चालणार नाही. मुक्ताई, ती तुझ्याकडं मागतो. जमिनीचं काय करायचं ते उद्या मी तुझ्या ओट्यावर येऊन बोलेन. आत्ता पुढं ये. ताईंना शाल द्यायचा मान या घरात तुझा आहे.