चादर कोरडी आहे

धुळ्यातल्या औषधाच्या दुकानापुढे सकाळी रांग होती. माझ्या पुढे उभ्या माणसाला मागून एका बाईंनी ओळखलं.

"नासीरभाऊ, कोन आजारी शे?"

"अब्बाच, रुपलीअक्का. वृद्धाश्रमात आहेत. नाकातल्या नळीनं जेवण देतात. तीन दिवसांपासून जुलाब होताहेत, थांबवायची गोळी न्यायला आलो."

"त्याच्या आधी पोट साफ कधी झालं होतं?"

"आठ दिवस काहीच नव्हतं. आता थोडं थोडं पाणीच जातंय. सारखी चादर बदलून बाया कंटाळल्या. नळीतलं पाणी कमी करा, असं मीच सांगितलं."

"पाणीच कमी केलं? अन् पोट कसं शे?"

"फुगलंय. हात लावला की कण्हतात."

"भाऊ, बारा वर्षं म्हातारी माणसं सांभाळते मी. आत मळाचा खडा अडकला की बाजूनं असंच पाणी झिरपतं. त्याला जुलाब समजून गोळी दिली तर आणखी अडकतं."

"खडाच असेल कशावरून?"

"ते डॉक्टर पोट तपासून सांगतील. तोवर गोळी देऊ नका."

"एक पाकीट काल संध्याकाळीच देऊन आलो, अक्का."

"मग इथं काय उभे? फोन लावा!"

"हॅलो, सिस्टर? नासीर बोलतोय. अब्बांना ती गोळी देऊ नका... कधी दिली? ...किती?"

"काय म्हने?"

"काल रात्री दोन, आज सकाळी एक. खूश आहे ती. म्हणते, गोळी लागू पडली, सकाळपासून चादर कोरडी आहे."