आजारपणाची सवलत

आदिती: थांबा आण्णा. आणखी एक पायरी चढलात तर इथंच ओरडून माणसं गोळा करीन.

आण्णा: कर गोळा. बाहुबलीच्या डोंगरावर आईतवारी माणसांचा तोटा हाय व्हय? तू कुठनं उगवलीस पर?

आदिती: कागलातनं गाडी मारत आले. आत्तीचा फोन आला. गेल्या आईतवारी पायऱ्यांवर चक्कर येऊन पडलात म्हणे. डोलीवाल्यांनी खाली आणलं तुम्हाला.

आण्णा: आक्काच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. थोरली भण, तिला बोलणार कोण? पडलो न्हवतो, बसलो हुतो.

आदिती: आडवं बसला होतात?

आण्णा: वर्षानं बोलालीस बापासंगं. भांडायला का हुईना, बोललीस.

आदिती: बोलायला नाही, पाणी द्यायला आले. वाटेत आत्तीनं हा तांब्या दिलाय. उकळून, गाळून, वर फडकं बांधून. तुमच्या रीतीत बसतंय सगळं. प्या आणि मग चढा.

आण्णा: वंदना करून खाली उतरस्तवर न्हाई. नेम हाय माझा.

आदिती: आणि बीपीची गोळी?

आण्णा: ती बी खाली आल्यावर.

आदिती: कुठल्या महाराजांनी दिला हा नेम? सांगा, मी जाऊन विचारते त्यांना.

आण्णा: कुणी दिला न्हाई. माझा मीच घेतलाय.

आदिती: सुंभ जळाला तरी पीळ काही जात नाही. आईला पाण्यावाचून घालवलंत, आता स्वतःला घालवा. मग मी बसते दोघांच्या नावानं रडत.

आण्णा: हळू बोल. माणसं चढाल्यात.

आदिती: चढू देत. मला कुणी सांगितलं माहितेय? अंबूबाईनं. दवाखान्यात खोल्या झाडणाऱ्या बाईनं. "तुमची आई रातभर पाणी मागत हुती, वडलांनी दिलं न्हाई." मी सकाळी पोचले, आईचं अंग अजून कोमट होतं, आणि हे ऐकलं. त्यानंतर तुमच्या घरात पाय कसा ठेवायचा, तुम्हीच सांगा.

आण्णा: अंबूबाईनं खरं सांगितलं.

आदिती: एवढंच?

आण्णा: दुसरं काय म्हणू? खोटं न्हाई ते.

आदिती: का दिलं नाही, आण्णा? दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तुमचा दोघांचा नेम, ठाऊक आहे मला. पण नेम घेताना आजारपणाची सवलत ठेवतात. पाठशाळेतल्या पोरींनासुद्धा कळतं ते. आईला तुम्ही तीही ठेवू दिली नसणार. तुमचा ताठा मला माहितेय.

आण्णा: बस जरा, कठड्याला टेकून. सांगतो. नेम आमी हितंच घेतला, वरच्या देवळात. तू कॉलेजात हुतीस. महाराजांनी इचारलं, आजारपणाची सवलत ठेवायची का? मी पयला हात जोडलं. म्हणलं, ठेवा महाराज, मला गोळ्या चालू हायत्या.

आदिती: आणि आई?

आण्णा: ती म्हणली, मला नगं. सवलत घालून घेतलेला नेम म्हंजी पाणी घातलेलं दूध, डेअरीत बी घेत न्हाईत. महाराज बी हसलं. उतरताना लई भांडलो मी तिच्यासंगं. ह्याच पायऱ्यांवर. तर म्हणली, माझा नेम माझा हाय. तुमी एकच करा. उद्या मी अंथरुणाला खिळले, शुद्ध ऱ्हायली न्हाई आन् बरळत पाणी मागितलं, तरी दिऊ नका. हातात हात घिऊन वदवून घेतलं माझ्याकडनं.

आदिती: मला कधी बोलली नाही ती.

आण्णा: बोलली असती तर तू तिलाच झापली असतीस.

आदिती: मग तुम्ही तरी सांगायचं. वर्षभर मी तुम्हाला काय काय समजत होते.

आण्णा: सांगितलं असतं तर तुझा राग तिच्यावर गेला असता. गेलेल्या माणसावर राग धरून काय करतीस? माझ्यावर हुता ते बरं हुतं. मी जिता हाय, सोसतो.

आदिती: त्या रात्रीचं सांगा. अंबूबाईचं नको, तुमच्या तोंडून.

आण्णा: कशाला?

आदिती: मी नव्हते म्हणून.

आण्णा: सलाईन चालू हुतं. पाणी म्हणली. मी म्हणलं, नळीतनं जातंय की. तिनं घशाला हात लावून दावला. मग फडकं ओलं करून व्हटाला लावलं. ती ते चोखाय लागली, म्हणून काढून घेतलं.

आदिती: आण्णा.

आण्णा: आता इचारलंस तर आईक. डॉक्टर म्हणलेलं, घोटभर द्यायला हरकत न्हाई. मी भाईर आलो. माझ्या गोळीची येळ झालती. माझ्या नेमाला सवलत हुती, तिच्या न्हवती. व्हरांड्यातल्या पिंपाचं गार पाणी प्यालो, पोटभर. आत आलो तर ती माझ्या तोंडाकडं बघाय लागलेली. मिशीला पाणी ऱ्हायलं हुतं माझ्या.

(आदिती तांब्या पायरीवर ठेवते.)

आदिती: म्हणून हे उपाशीतापाशी चढणं.

आण्णा: माझी सवलत मी परत दिली. दुसरं कायबी न्हाई त्यात.

आदिती: पुढं काय झालं?

आण्णा: पुढं ती पाणी मागायची थांबली. उजाडलं का, एवढंच इचाराय लागली. मी खिडकीत बघायचो, म्हणायचो, न्हाई अजून. जरा येळानं परत, उजाडलं का? न्हाई अजून. मग इचारायची बी थांबली.

आदिती: उजाडलं म्हणायचं होतं की, आण्णा. तिला कुठं कळणार होतं? खोलीतला दिवा लावायचा, म्हणायचं उजाडलं, आणि चमच्यानं पाजायचं. तिच्या लेखी नेम पाळलाच गेला असता.

आण्णा: ते मला सुचलं न्हाई.

आदिती: एवढी साधी गोष्ट.

आण्णा: उभ्या जन्मात तिच्याशी खोटं बोललो न्हवतो. सवयच न्हवती. तिला अग्नी दिऊन आलो, दोन-तीन दिस गेलं, तवा सुचलं, आंघोळ करताना. अंगावर तांब्या वतला आन् सुचलं. तसाच बसून ऱ्हायलो, आक्कानं दार वाजवस्तवर.

आदिती: मला लगेच सुचलं असतं. पण मी नव्हते.

आण्णा: तू असतीस तर बरं झालं असतं.

आदिती: हं.

आण्णा: रडू नगं. तुला बोल लावत न्हाई मी. खरंच बरं झालं असतं, म्हणून म्हणलं.

आदिती: चला, वर जाऊ. मी येते बरोबर. पण आधी पाणी घ्या. आई गेली, तुम्हीही असे पायरीवर पडलात, तर भांडायला तरी मला कोण राहील?

आण्णा: सकाळधरनं काय खाल्लंस तू?

आदिती: कुठलं खाणं. फोन आला तशी निघाले.

आण्णा: व्हट वाळल्यात तुझं.

आदिती: माझं जाऊ दे. तुम्ही प्या.

आण्णा: पितो. पर तू आधी. ओंजळ धर.

आदिती: मी घेते की माझं माझं.

आण्णा: नगं. तांब्या हिकडं दे, पोरी. मला वतू दे.