अवकाशयानाचं इन्स्पेक्शन

तुम्ही हसाल, पण माझ्या हातभर लांबीच्या अवकाशयानाच्या मॉडेलवरचा रंग त्या दिवशी मी पुसूनच टाकणार होतो.

निवृत्तीनंतर किट आणून जोडलं, रंगवलं, आत बारीक दिवे बसवले. मग ते वापरलेलं दिसावं म्हणून दोन महिने खपून त्यावर गंज रंगवला. शेजारचे भोंडे गाड्यांच्या कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्टर होते. ते टॉर्च घेऊनच बघायला आले.

"प्रोफेसर साहेब, अंतराळात पाणी आहे का?"

"नाही."

"हवा?"

"नाही."

"मग गंज काहून चढवून राहिले? रिजेक्ट!"

चाळीस वर्षं फिजिक्स शिकवूनही मला हे सुचू नये? गंज पुसायला मी थिनरमध्ये बोळा बुडवला. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"थांबा हो! भाऊजी, अख्खा पावसाळा ते इथे आपल्या जबलपुरात गच्चीवर उभं होतं, असं समजा. गंजणार नाही तर काय?"

भोंड्यांनी गंभीरपणे विचार केला. "अच्छा, मग बरोबर आहे. लाइट लावा."

सगळे दिवे लागले. त्यांनी खिशातून खडू काढून पंखावर भली मोठी बरोबरची खूण केली.

ती मी अजून पुसलेली नाही. न जाणो, पुन्हा तपासायला आले तर?