कर्ता गाळला तरी चालतो

मधुसूदन : पण त्यात ईश्वरदासचं नाव कुठं आहे, चारू? दाखव मले. एका जागी जरी सापडलं तर मी आत्ता उठून जातो.

चारुशीला : नाव नाही, काका. तेच म्हणते आहे मी.

मधुसूदन : मग? तेरवी होऊन चार दिवस नाही झाले, अन् तू लाल पेन्सिल घेऊन बसली. हापिसाचा अपघाताचा रिपोर्ट आहे तो, तुह्या नववीच्या पोरींचा पेपर नाही.

गोपिका : चहा घ्या भाऊजी, थंडा होऊन राहिला. अन् काय लिहिलं आहे ते मलेबी सांगा. अंगठा माझा पायजे म्हणता, अन् वाचून राहिले तुमी दोघंच.

मधुसूदन : वाचतो नं, वहिनी. “द स्टीम शुड हॅव बीन टर्न्ड ऑफ.”

गोपिका : आता मराठीत.

मधुसूदन : वाफ... बंद केल्या जायले पायजे होती.

गोपिका : कोणं?

मधुसूदन : काय कोणं?

गोपिका : कोणं बंद करायले पायजे होती?

मधुसूदन : ते नसते त्यात. इंग्रजीची तीच तर खुबी आहे, वहिनी. पॅसिव्हमंधी लिहिलं की कोणाचं नाव घ्यावं नाही लागत. कामबी होऊन जाते, अन् कोणाच्या अंगावरबी येत नाही. साहेब ड्राफ्ट पाहून खूश झाले. एक शब्द नाही खोडला.

चारुशीला : त्या दिवशी गिरणीच्या रंगखात्यात, वाफेच्या नळाजवळ कोण होतं?

मधुसूदन : ईश्वरदास.

चारुशीला : आणखी?

मधुसूदन : एकटाच होता. तुले माहीत आहे.

चारुशीला : मग नाव नसलेलं वाक्य कोणाच्या अंगावर जाऊन पडतं, काका? जो जवळ उभा असतो त्याच्याच. वाचणारा म्हणेल, ईश्वरदासनं वाफ बंद केली नाही, म्हणून ईश्वरदास भाजला. त्याची चूक, तोच गेला, संपलं.

मधुसूदन : असं कोणी नाही म्हणणार.

चारुशीला : बॉयलरच्या खोलीत वाफ बंद करायचा मोठा वाल आहे. त्याची किल्ली कोणाजवळ असते?

मधुसूदन : इंजिनीयरसाहेबाजवळ.

चारुशीला : म्हणजे बाबांना वाफ बंद करताच येत नव्हती.

मधुसूदन : नाही.

चारुशीला : मग वाक्याच्या शेवटी तीन शब्द जोडा. “बाय द इंजिनीयर.” जोडा, माय आत्ता अंगठा देईल.

मधुसूदन : तीन शब्दांत माझी नोकरी जाईन, पोरी. रिटायर व्हायले दोन वर्षं राहिले. अन् मी काही खाली हातानं नाही आलो. कागदावर अंगठा झाला की वहिनीले बॉबिनखात्यात घेतल्या जाईन. हे पाह्य, साहेबानं स्वतः लिहिलं, “मे बी टेकन ऑन.”

गोपिका : कोण घेणार मले?

मधुसूदन : घेतल्या जाईन म्हटलं नं.

गोपिका : तुमच्या हापिसात माणसं नाहीत का, भाऊजी? सारं आपोआपच होते. वाफ आपोआप बंद होते, बाई आपोआप कामाले लागते. आमच्या घरी भात करपला तर कोणाच्या हातानं करपला ते शेजारणीलेबी मालूम राहाते.

चारुशीला : आणि “मे” म्हणजे घेतलं तर घेतलं, माय. नाही तर नाही.

गोपिका : ते समजलं मले. हे होते तवा म्हणे तुमच्याबद्दल, भाऊजी. निनावे आडनाव आहे म्हणून हापिसात याचं बरं चालते. कोणत्याच कागदावर सापडत नाही.

मधुसूदन : म्हणे. माझ्या तोंडावर म्हणे. डबा खातानी रोज. त्याची गोष्ट वेगळी होती.

चारुशीला : तुम्ही त्यांना इंग्रजी सही शिकवली होती ना?

मधुसूदन : बावन साली. जुन्या बिलाच्या पाठीमागं गिरवून घेतली. महिनाभर तो आडनावातल्या ‘आय’वर टिंब द्यायले विसरे. अन् म्हणे, टिंब नाही दिलं तर मी नाही का राहात?

चारुशीला : मग ही सही ओळखाल.

(ती पत्र्याच्या पेटीतून चौघडी कागद काढून त्याच्यासमोर उलगडते.)

मधुसूदन : हा कुठं भेटला तुले?

चारुशीला : बाबांच्या डब्याच्या पिशवीत. डबा भरलेला होता, कागद त्याच्याखाली.

गोपिका : हा कोणता?

चारुशीला : बाबांचा अर्ज, माय. रंगखात्यातल्या नळाचा वाल गळतो आहे, म्हणून दिलेला. सही त्यांची. इंग्रजी माझं. “द व्हॉल्व्ह मे काइंडली बी लुक्ड इन्टू.” वालाकडे कृपया लक्ष दिलं जावं.

गोपिका : कोणं द्यावं, ते लिहिलं होतं?

चारुशीला : नाही.

गोपिका : काहून?

चारुशीला : सभ्यपणाचं वाटलं. मोठ्या माणसाला “तुम्ही पाहा” कसं म्हणायचं? दरवर्षी फळ्यावर लिहून देते मी, कर्ता महत्त्वाचा नसेल तर गाळला तरी चालतो. पोरी पाठ करतात. मीही पाठ केलं होतं.

मधुसूदन : त्यात तुहं काही चुकलं नाही. अर्ज तसाच लिहितात.

चारुशीला : आता समासात पाहा. वरती मॅनेजरसाहेब : “मे बी लुक्ड इन्टू.” त्याच्याखाली इंजिनीयर : “शुड बी लुक्ड इन्टू.” मे, मग शुड. पाहिलं तर चालेल, मग पाहायला हवं. त्याच्याखाली तिसरी ओळ, जांभळ्या शाईत. “मस्ट बी लुक्ड इन्टू.” पाहिलंच पाहिजे. हे अक्षर कोणाचं?

मधुसूदन : जांभळी शाई माझी आहे.

चारुशीला : हो.

मधुसूदन : मी जोर लावला, चारू. साहेब लोकांनं वरच्यावर लिहून सोडलं होतं. माझ्या दोस्ताचा अर्ज, म्हणून मी मस्ट लिहिलं. मस्ट लिहाची हिंमत कोणता हेडक्लार्क नाही करत.

गोपिका : अन् मग कागद कोणाले देला?

मधुसूदन : नत्थूजी चपराश्याले.

गोपिका : काय सांगून?

मधुसूदन : आता एवढं कोणाले ध्यानात राहाते, वहिनी?

गोपिका : तुमाले राहाते. बावन सालचं टिंब ध्यानात आहे तुमाले.

मधुसूदन : ...ज्याचा आहे त्याले दे, म्हटलं. वर कोणाचं नाव नव्हतं. कोणाकडे पाठवू? खाली ईश्वरदासची सही होती.

गोपिका : म्हणजे यांचाच अर्ज यांच्याच हाती आला. अन् त्याच्यावर हुकूम.

चारुशीला : हुकूम नाही, माय. हुकमाला देणारा लागतो.

गोपिका : यांना इंग्रजी कुठं येत होतं? यांनं वाचला कसा?

चारुशीला : मला विचारलं.

गोपिका : कधी?

चारुशीला : आदल्या दिवशी. दिवे लागले होते, मी वह्या तपासत होते. कागद नाही दाखवला, नुसतं विचारलं. चारू, मस्ट म्हणजे काय वं? मी मान वर केली नाही. म्हटलं, केलंच पाहिजे. लुक म्हणजे? पाहणं. अन् इन्टू म्हणजे आत नं? मी म्हटलं, हो, आत.

मधुसूदन : लुक इन्टू म्हणजे चौकशी करणं.

चारुशीला : मला माहीत आहे, काका. तीन शब्दांचे तीन अर्थ मी बरोबर सांगितले. पूर्ण मार्क. सकाळी ते पाना घेऊन गेले आणि वाल उघडून आत पाहिलं.

गोपिका : तू हे मले सांगतलं नाही.

चारुशीला : नाही.

गोपिका : सतरा दिवस.

चारुशीला : हो, माय.

गोपिका : भाऊजी, तुमचा तो कागद घडी करा. माझा अंगठा त्याच्यावर लागत नाही. मी लग्नाच्या आधीपासून सुताच्या कांड्या भरते, घरी बसून भरीन. चारू, तू लिही.

चारुशीला : काय?

गोपिका : झालं ते. मराठीत लिही, मले वाचून दाखवता आलं पायजे. कोणं काय केलं, सरळ. तुहंबी लिही.

चारुशीला : माझंच पहिलं लिहिलं आहे. काल दुपारी. ऐक. “अर्ज मी, चारुशीला ईश्वरदास, हिने लिहिला. वाल कोणी पाहावा ते मी लिहिले नाही. मॅनेजरने वाल पाहिला नाही. इंजिनीयरने वाल पाहिला नाही आणि वाफ बंद केली नाही. किल्ली त्याच्याजवळ होती. कचेरीतील मधुसूदन यांनी अर्ज माझ्या वडिलांकडे परत पाठवला. त्याचा अर्थ वडिलांनी मला विचारला. मी कागद न पाहता सांगितला. माझ्या वडिलांनी सांगितलेले काम केले.”

गोपिका : शेवटचं आणखी एकदा वाच.

चारुशीला : “माझ्या वडिलांनी सांगितलेले काम केले.”

गोपिका : बरोबर आहे. आण, याच्यावर मारते अंगठा.

मधुसूदन : हे कोणाले देणार तुमी?

चारुशीला : कामगार आयुक्तांना. उद्या शाळेत अर्धी सुट्टी टाकली आहे. स्वतः जाऊन देणार, आणि ज्याच्या हातात देईन त्याचं नाव विचारणार.

मधुसूदन : ते लोक मले बोलावतीन.

चारुशीला : बोलावतील.

मधुसूदन : साहेब विचारन, निनावे, तुमी त्या घरी गेले होते नं, काय करून आले?

गोपिका : सांगा, चहा पिऊन आलो.

मधुसूदन : दे तो कागद.

चारुशीला : फाडणार असाल तर माझ्याजवळ दुसरी प्रत आहे.

मधुसूदन : दे म्हटलं नं. ...हे पाह्य. इथं नुसतं मधुसूदन लिहिलं तू. आमच्या हापिसात दोन मधुसूदन आहेत. तो दुसरा गरीब माणूस फुकट सापडन.

चारुशीला : मग?

मधुसूदन : आडनाव टाक. अन् वहिनीच्या अंगठ्याखाली सहीपुरती जागा सोड.